फाइल तुझ्या नावाची आहे, ती आधी तू वाच

पत्राचा सारांश: लिहिणारी २७ वर्षांची आहे, पश्चिम महाराष्ट्रातली. ओळखीतून स्थळ आलं, नवरा अमेरिकन सिटिझन, नोकरीही तिथेच. व्हिसाची फाइल लवकर लागावी म्हणून २२ महिन्यांपूर्वी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली कोर्ट मॅरेज केलं. त्यासाठी तो सहा आठवडे येऊन राहिला, नोटिशीचे दिवस भरले, लग्न झालं आणि चार दिवसांत तो परत गेला. वैदिक लग्न होईपर्यंत मुलगी सासरी राहणार नाही असं दोन्ही घरचं म्हणणं, त्यामुळे तेव्हा एकत्र राहणं झालं नाही. आठ महिन्यांनी वाजतगाजत लग्न झालं, त्यानंतर तीन आठवडे दोघं सोबत होते. आता मुंबईतला इंटरव्ह्यू पाच आठवड्यांवर आलाय. एजंटचं म्हणणं, कोर्ट मॅरेजचं बोलूच नका, मोठ्या लग्नाचीच तारीख सांगा, नाहीतर व्हिसासाठी लग्न केलं असं वाटेल. तिचा २०१९ मध्ये स्टुडंट व्हिसा नाकारला गेला होता, तरी फॉर्ममध्ये एजंटने त्या प्रश्नाला 'नाही' असं भरून टाकलंय. सासूबाईंना इंटरव्ह्यूच्या आधी पासपोर्टवर नवं नाव हवंय. ती विचारते, 'आमचं लग्न खरं आहे, पण कागदावर खरं वाटत नाही. एजंट सांगतात तसं करू का?'

तू ताई म्हणून लिहिलंयस म्हणून तुला तू म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट टोचली. एवढ्या लांब पत्रात 'एजंट म्हणाले' कितीदा तरी आलंय, 'सासूबाई म्हणाल्या' तीनदा, 'ह्यांचं म्हणणं' दोनदा आणि 'मी फॉर्म वाचला' असं मात्र एकदाही नाही. स्टुडंट व्हिसाचं उत्तर चुकीचं भरलंय हेसुद्धा तुला एजंटच्या बोलण्यातून कळलं. म्हणजे अर्जदार तू, शपथ घेणार तू, पुढचं आयुष्य तुझं, आणि त्या फाइलमध्ये काय लिहिलंय हे तू सोडून सगळ्यांना माहितीये. माझ्या मते तुझी भीती इथून येतेय, ठरवून झालेल्या लग्नातून नाही.

आधी त्या 'नाही'बद्दल बोलते, कारण बाकी सगळं सावरता येण्यासारखं आहे आणि हे लांबवलं तर नाही.

डीएस-२६० मध्ये, म्हणजे तुझ्या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, सरळ विचारलेलं असतं की आधी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारलाय का. २०१९ ला तू बोटांचे ठसे दिलेस, फोटो दिलास, ते रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे. 'त्यांना कुठे कळतंय' असं जे एजंट म्हणाले ते चूक आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो जुना नकार तुला आता फारसा आडवाच येत नाही. स्टुडंट व्हिसा बहुतेकदा २१४ (बी) या कलमाखाली नाकारतात, म्हणजे शिकून झाल्यावर तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री पटली नाही, एवढंच. आता तू कायमचं राहायलाच निघालीयस, परत येणार का हा प्रश्नच या व्हिसात नाही. म्हणजे जे सांगितल्याने काही बिघडणार नव्हतं ते लपवलं गेलं, आणि लपवणं हे मात्र गंभीर आहे. त्यांच्या कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला असं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते, मग वेव्हर, म्हणजे त्या बंदीतून सूट, मागायचा, वकील, वर्षं.

त्यांच्याकडे एक गोष्ट मानतात, चूक आपण होऊन, वेळेत, त्यांनी पकडण्याआधी दुरुस्त केली तर ती दुरुस्तीच धरतात, लबाडी नाही. म्हणून हे इंटरव्ह्यूच्या दिवसावर ढकलू नकोस. तुझा बीएमबीने सुरू होणारा केस नंबर घालून कॉन्सुलेटला लेखी कळव की डीएस-२६० मध्ये आधीच्या व्हिसा नकाराच्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं गेलंय, अमुक साली स्टुडंट व्हिसा नाकारला होता, दुरुस्ती करायची आहे. त्या मेलची प्रिंट सोबत ने. आणि खिडकीवर शपथ झाली की त्यांनी काही विचारायच्या आत तूच सांग की फॉर्ममध्ये एक दुरुस्ती आहे. एजंटने भरलं हे खरं असलं तरी त्यावर जोर देऊ नकोस, कारण सही तुझी आहे. या एका मुद्द्यासाठी मात्र अमेरिकेतल्या लायसन्स असलेल्या इमिग्रेशन वकिलाशी तासभर बोला, नवऱ्याला सांग तिकडे अपॉइंटमेंट घ्यायला. मेल कसा लिहायचा, फॉर्म दुरुस्तीला उघडून मिळेल का, हे त्यांना विचारा. एजंट वकील नसतो, हे लक्षात ठेव.

आता दोन तारखा. इथे तू एक गोष्ट धरूनच चाललीयस की कोर्ट मॅरेज हे 'कागदासाठी' आणि मांडवातलं ते 'खरं'. घरात असंच बोललं जातं म्हणून तुलाही ते पटलंय. पण कायद्याच्या दृष्टीने स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली मॅरेज ऑफिसरसमोर, तीन साक्षीदारांसमोर तुम्ही दोघांनी एकमेकांना स्वीकारलंत त्या दिवशी तुमचं लग्न पूर्ण झालं. त्याला सप्तपदीची गरज नाही. नवऱ्याने आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे नेण्यासाठीचा अर्ज, भरला तो त्याच सर्टिफिकेटवर. मग तू आत जाऊन आठ महिन्यांनंतरची तारीख सांगितलीस तर तुझं तोंड एक बोलतंय आणि तुझ्याच नवऱ्याचा अर्ज दुसरं, असं होईल. खऱ्या लग्नावर संशय घ्यायला एवढं पुरे.

'व्हिसासाठी लग्न' याचा अर्थही नीट समजून घे, कारण एजंटने तुला त्याचीच भीती घातलीये. खोटं लग्न म्हणजे ज्यात एकत्र संसार करायचा इरादाच नाही, फक्त ग्रीन कार्ड हवंय. तुमचं तसं नाही. तुमचं लग्न ठरलेलं होतं, संसार करायचाच होता, फक्त फाइलला वेळ लागतो हे माहीत असल्यामुळे तारीख आधी घेतली. हे लपवण्यासारखं नाहीच. विचारलं तर अगदी असंच सांग, 'फाइलला वर्ष-दीड वर्ष लागतं हे माहीत होतं म्हणून रजिस्टर लग्न आधी केलं, घरच्यांच्या पद्धतीने लग्न आठ महिन्यांनी झालं, तोपर्यंत मी माहेरीच होते.' माहेरी राहिलीस यातही काही बिघडत नाही. त्यांच्या कायद्यात एकत्र राहण्याचा वेगळा प्रश्न येतो तो लग्नाच्या वेळी दोघं समोरासमोर नसतील तर, म्हणजे एकजण इथे आणि एकजण व्हिडिओ कॉलवर असं असेल तर. तुम्ही दोघं एकाच टेबलापाशी उभे होतात.

आणि आता जे कुणीच तुला सांगितलेलं दिसत नाही. अमेरिकेत पाऊल ठेवायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं, त्याला सीआर-१ म्हणतात, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून पुन्हा सगळे पुरावे द्यावे लागतात. दोन वर्षं झालेली असतील तर आयआर-१, थेट १० वर्षांचं कार्ड. तुझ्या कोर्ट मॅरेजला २२ महिने झालेत, इंटरव्ह्यू पाच आठवड्यांनी, आणि व्हिसा मिळाला की तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, मेडिकलच्या तारखेवर अवलंबून. तेव्हा कोर्ट मॅरेजच्या दुसऱ्या वाढदिवसानंतरचं तिकीट काढता येतंय का बघ. व्हिसावर सीआर-१ छापलेलं असलं तरी तिकडे उतरल्यावर इमिग्रेशन ऑफिसरला मॅरेज सर्टिफिकेट दाखव आणि आज दोन वर्षं पूर्ण झालीत असं सांग. जी तारीख एजंट लपवायला सांगतायत तीच तुझ्या उपयोगाची आहे बघ.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच एक सांगते, कारण असं हल्ली खूप घरांत होतं. ज्यांनी कोर्ट मॅरेज नाही तर हिंदू मॅरेज ॲक्टखाली नुसतं रजिस्ट्रेशन आधी करून ठेवलंय, विधी काहीच न करता, त्यांनी सावध व्हा. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाहात विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही, आणि व्हिसासाठी आधी रजिस्ट्रेशन करून ठेवायच्या या पद्धतीचा त्या निकालात उल्लेखही आहे. आपल्याकडे वॉर्ड ऑफिसात जे रजिस्ट्रेशन होतं ते झालेल्या लग्नाची नोंद असते, ती नोंद म्हणजे लग्न नव्हे. विधी आधी, अगदी चार माणसांत का होईना, आणि मग नोंद. किंवा या मुलीसारखं स्पेशल मॅरेज ॲक्टने, त्यात नोटिशीचे ३० दिवस जातात पण नंतर प्रश्न राहत नाही.

पुराव्याचं. तू लिहिलंस की कोर्टातले सहाच फोटो आहेत आणि मोठ्या लग्नाचे चारशे, म्हणून तीच तारीख बरी. अगं पण नवरा सहा आठवडे इथे होता ना? नोटिशीच्या त्या महिनाभरात तुम्ही भेटत होतात, तू लिहिलंयस की दर शनिवारी तो तुमच्या घरी जेवायला यायचा, तुझ्या आजीला दवाखान्यात तो घेऊन गेला. यातलं काहीच तू पुरावा म्हणून मोजत नाहीयेस कारण ते साधं आहे. मला विचारशील तर चारशे फोटोंच्या अल्बमपेक्षा हे साधंच जास्त बोलतं. त्याच्या पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के, तिकिटं, नोटिशीची कॉपी ज्यावर दोघांची नावं आणि तारीख आहे, साखरपुड्याचे, कोर्टाचे, लग्नाचे आणि नंतरच्या तीन आठवड्यांचे मिळून वीस-पंचवीस फोटो, प्रत्येकामागे तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते पेनने लिहून. लग्नपत्रिका. दर महिन्याचा एखाददुसरा कॉल लॉगचा स्क्रीनशॉट. त्याने पैसे पाठवले असतील, विम्यात वारस म्हणून तुझं नाव लावलं असेल तर ते. सगळं तारखेवार एका साध्या फाइलीत. पाचशे पानांचे चॅट नेऊ नकोस, कुणी वाचत नाही आणि मागितलेला एक कागद त्यात तुलाच सापडणार नाही. नवीन फोटो 'काढून घ्यायचा' विचार असेल तर तो सोडून दे.

नावाचा मुद्दा मला जरा जास्त लांबवावा लागेल, कारण आपल्याकडच्या मुलींची फाइल खिडकीवर अडकते ती बऱ्याचदा यावरच. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, आधारवर ते चढवलं, पासपोर्टवर माहेरचं, जन्मदाखल्यावर तर नुसतं 'मुलगी' आणि बाबांचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही, पण परक्या माणसाला त्या चार वेगळ्या बायका दिसतात. आता पाच आठवड्यांत पासपोर्ट बदलायला अजिबात जाऊ नकोस. आय-१३०, डीएस-२६०, पोलीस क्लिअरन्स सगळं सध्याच्या पासपोर्टवरच्या नावाने झालंय, व्हिसा त्याच नावाने लागेल. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही. सासूबाईंना तू नको, नवऱ्याने सांगू दे, आणि असं सांगू दे की आत्ता बदललं तर फाइल लांबेल, नंतरचं नंतर बघू. नंतर बदलायचं की नाही हे तूही ठरवायचं आहेस, हे मी मुद्दाम लिहितेय. आधारवरचं नवं नाव मात्र डीएस-२६० मध्ये 'इतर नावं' विचारतात तिथे आलंय का ते बघ, नसेल तर त्याच दुरुस्तीच्या मेलमध्ये तेही टाक. जन्मदाखल्यात नाव नसेल तर महापालिकेत नाव नोंदवून नवीन दाखला मिळतोय का ते उद्याच विचार, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला ने. नुसत्या मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर सर्टिफाय करून घे.

नवऱ्याच्या कागदांविषयी तू एक ओळ लिहिलीस, 'त्यांचं ते बघतायत'. पण बऱ्याच फाइली तिथेच थांबतात. त्याने आय-८६४ भरलाय, म्हणजे तुझा भार मी उचलीन असं सरकारला लिहून दिलंय, आणि त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या पॉव्हर्टी गाइडलाइनच्या, म्हणजे गरिबीच्या सरकारी आकड्याच्या, १२५ टक्के तरी असावं लागतं, घरात किती माणसं धरायची त्यावर आकडा ठरतो. कमी पडत असेल तर जॉइंट स्पॉन्सर लागतो आणि तो अमेरिकेतच राहणारा, सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला हवा, इथले सासरे किंवा मामा चालत नाहीत. त्याच्याकडून शेवटचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (तिथल्या टॅक्स रिटर्नचा सरकारी उतारा), पगाराच्या ताज्या स्लिपा आणि कंपनीचं पत्र मागवून घे.

हे मागताना तुला संकोच वाटेल, मला कळतंय. नवऱ्याला पगार कसा विचारायचा, त्याचं आधीचं काही होतं का हे कसं विचारायचं. पण ऑफिसर तुला हेच विचारणार आहे. तो काय काम करतो, कुठे राहतो, घरात अजून कोण, आधी लग्न झालं होतं का, पहिल्यांदा कोण कुणाशी बोललं, शेवटचा कधी आला होता. आणि हे प्रश्न व्हिसासाठी म्हणून बाजूला ठेव, जिथे तू एकटी उतरणार आहेस त्या घराबद्दल तुला स्वतःला हे माहीत असायलाच हवं. मला त्याच्यावर संशय घ्यायचा नाहीये, तुझ्या आजीला दवाखान्यात नेणारा मुलगा आहे तो. पण फाइलची पूर्ण कॉपी, पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेटची जादा अस्सल प्रत ही तुझ्या स्वतःच्या ताब्यात असू दे, तिकडे गेल्यावरही. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगते, कंडिशनल कार्ड असलं आणि घरात छळ झाला किंवा घटस्फोट झाला तरी आय-७५१ नवऱ्याच्या सहीशिवाय, सवलत मागून एकटीने भरता येतो. 'माझ्याशिवाय तुला इथे राहताच येणार नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं नसतं.

उत्तरं पाठ करून जाऊ नकोस. एजंटने दिलेली ती प्रश्नोत्तरांची पानं तर बाजूलाच ठेव, कारण पाठ केलेलं उत्तर एका उपप्रश्नात सुटतं. त्यापेक्षा तुम्ही दोघं फोनवर बसून तुमचीच गोष्ट एकमेकांना सांगा, पहिला फोन कधी, कोण काय बोललं, त्याच्या लक्षात वेगळं आणि तुझ्या लक्षात वेगळं असेल तर हसा आणि खरं काय ते तारखा बघून ठरवा. तिथे एखादी गोष्ट आठवली नाही तर आठवत नाही म्हण, ते चालतं. मराठीत बोलायचं असेल तर मुंबईत मराठीत इंटरव्ह्यू देता येतो, खिडकीवर गेल्या गेल्या सांग. तोडकं इंग्रजी बोलून 'यस' म्हणत सुटण्यापेक्षा आपल्या भाषेत पूर्ण वाक्य बोललेलं केव्हाही चांगलं.

बाकी चटकन. मेडिकल त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच आणि इंटरव्ह्यूच्या आधी, लसीकरणाचं जुनं कार्ड असेल तर ने, बंद पाकीट दिलं तर उघडू नकोस. पांढऱ्या पार्श्वभूमीचे दोन बाय दोन इंचाचे फोटो, अपॉइंटमेंट लेटर, डीएस-२६० चं कन्फर्मेशन, सगळ्या दाखल्यांच्या अस्सल प्रती आणि झेरॉक्स. मोबाइल आत नेता येत नाही, सोबतच्या माणसाकडे दे आणि त्याचा नंबर कागदावर लिहून ठेव.

आणि समजा पासपोर्ट ठेवून न घेता २२१ (जी) लिहिलेली चिठ्ठी हातात दिली, तर तिथेच रडू नकोस. तांत्रिकदृष्ट्या त्याला नकार म्हणतात पण बहुतेकदा अर्थ एवढाच की अमुक कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे. चिठ्ठीवर काय मागितलंय ते खिडकीवरच वाच, समजलं नाही तर तिथेच विचार, आणि ते वर्षाच्या आत द्यायचं असतं, नाहीतर फी भरून सगळं पहिल्यापासून.

मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या घालून जाऊ का असं विचारलंयस, एजंटने सांगितलंय म्हणून. रोज घालत असशील तर घाल, नसशील तर नको. तू रोज असतेस तशी जा.

आज रात्री त्याचा फोन येईल तेव्हा त्याला म्हण की आय-१३०, त्यासोबतचा तुझ्या माहितीचा आय-१३०ए, डीएस-२६० आणि आय-८६४, सगळ्याच्या कॉप्या मला पाठव, मला वाचायच्यात. एक वही घे आणि प्रत्येक तारीख, पत्ता, नाव जुळतंय का ते बघत बस, दोन संध्याकाळी जातील. कॉन्सुलेटला पाठवायचा मेल त्यानंतर वकिलाला दाखवून, याच आठवड्यात.